फार्मासीतला बर्फ

म्हापशाला, चोरीसांच्या माळा टांगतात त्या गल्लीमागे
बोनिफास यांची फार्मासी होती.
क्विनीनच्या कपाटावर एक चित्र:
बर्फाचा डोंगर, तिरपी वाट,
अकरा शिपाई, एक खेचर, चार वाटसरू.
सगळे डावीकडे निघालेले,
जिथे चौकट संपायची आणि वजनकाटा सुरू व्हायचा.

खाली बाकावर हिवतापाची माणसं.
ऐन उन्हाळ्यात घोंगडी पांघरून
दातांवर दात वाजवत
वर बघत बसायची.
हिवतापातलं हिंव कुठून येतं
हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

माझे वडील आगरवाड्याच्या मिठागरात,
लाकडी फळीनं मीठ ओढत.
त्या एप्रिलात त्यांना तापानं धरलं,
बाकावर आडवे, डोकं माझ्या मांडीवर.
मी शिपाई मोजत होते. आठ, नऊ...
ते डोळे न उघडताच म्हणाले,
"हें मीठ गो, बाय. बर्फ न्हय."
कंपाउंडर हसला,
बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवत राहिला.
घरी आईनं ते वाक्य
तापातल्या बडबडीत जमा केलं.

आता चित्र माझ्या टेबलावर आहे.
फार्मासी बंद झाली, चित्र माळ्यावर गेलं,
आणि चाळीस पावसाळ्यांनी त्यात
आपापला बर्फ टाकला: बुरशी.
कुठला पांढरा चित्रकाराचा, कुठला आमच्या हवेचा
एवढंच ठरवायचं माझं काम.
काडीला कापूस, कापसाला थुंकी.
याहून सौम्य औषध नाही, असं मला शिकवलंय.
दिवसाला तळहाताएवढी जागा.
सोमवारी खेचराचा कान उजळला.
मंगळवारी एका शिपायाची मिशी,
आणि मिशीत गोठलेला श्वास, फार हौसेनं काढलेला.
बुधवारी वीज नव्हती.

गुरुवारी शेवटचा वाटसरू.
बाकीच्यांच्या पायांत पट्ट्यांचे जाड बूट.
हा सगळ्यांच्या मागे, धुरकट,
डोक्यावर टोपली,
कापड गुडघ्यांच्या वर खोचलेलं.
भिंग धरलं.
पाय अनवाणी. टाचांना भेगा,
भेगांत पांढरा रंग
सुईच्या टोकानं भरलेला.
त्याच्या आजूबाजूचा बर्फही बर्फासारखा पडलेला नाही.
चौकोन आहेत, चौकोनांमध्ये बांध,
बांधांवर ओळीनं टोकदार ढीग,
मार्चमध्ये झावळ्यांनी झाकण्याआधी असतात तसे.

म्हणजे या माणसानं बर्फ कधी पाहिलाच नव्हता.
पांढरं कुठे मिळेल विचारत
तो खाडीपर्यंत आला असणार,
उन्हात स्टूल टाकून बसला असणार,
आणि इतक्या पांढऱ्यातून माणूस कसा चालतो
हे बघायला
कोणाला तरी दोन-तीनदा चालायला लावलं असणार.

तोंडाला कोरड पडली.
थुंकी संपली की काम थांबतं.

अहवालात लिहिलं: आकार, कापड, बुरशी कुठे किती.
शेवटी एक ओळ जास्तीची:
टोकाचा वाटसरू अनवाणी आहे.

बोनिफास यांच्या नातवाचा फोन आला.
गिऱ्हाईक ठरलंय, आल्प्सचं चित्र म्हणून सांगितलंय.
"बाई, त्याला बूट काढून देता येतील?
साधे. काळे."
मी म्हटलं, बघते.

आठवडा झाला. ढग यायला लागले आहेत,
चित्राशेजारी मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात.
काळा रंग बशीत काढते, वाळतो, पुसते.
शिपाई मागे वळून बघत नाहीत.
तोही हाक मारत नाही कोणाला.
फक्त पाऊल जपून टाकतो, कडेकडेनं,
बांध मोडू नये म्हणून.